कसं कळलं तुम्हाला?

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर सकाळच्या फेरीला जिप्सी रांगेत लागल्या, की गाईडला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. भाऊ, वाघ दिसेल ना? काल कुठं होता? एकूण आहेत तरी किती? पहिला तास नुसत्या चितळांवर निघून गेला, की प्रश्नांचा रोख बदलतो. वाघ किती दिवसांनी शिकार करतो, दरवेळी साधते का, हा गवा एवढा दांडगा कसा? गाईड उत्तरं देतो आणि ती बहुतेक बरोबरही असतात. पण त्याच्या पुढचा प्रश्न क्वचितच कानावर येतो: हे कळलं कसं? वाघ काही डायरी लिहीत नाही. तो वर्षाला किती जनावरं मारतो, हे कुणीतरी गोचिडांना रक्त पाजत, महिनोन्महिने रानात बसून शोधलेलं असतं.

शास्त्रज्ञांनी साध्या वाचकासाठी लिहिलेली जी पुस्तकं पन्नास-साठ वर्षांनीही हातातून सुटत नाहीत, ती या ‘कसं कळलं’ची असतात, असं माझं मत आहे. त्यांतले आकडे शिळे होतात, कधी चुकीचेही ठरतात, तरी पुस्तक वाचवतं.

मराठी घरातलं जंगलाचं कपाट बहुधा वेगळ्याच पुस्तकांनी भरलेलं असतं. कॉर्बेट, अँडरसन, माडगूळकरांचं ‘नागझिरा’, आणि अर्थात मारुती चितमपल्ली. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनखात्यात आयुष्य काढलेल्या या माणसानं रानातल्या माणसांकडून पाखरांची, माशांची, झाडांची नावं गोळा करून मराठीला कोश दिले. ते ऋण मोठंच आहे. पण कॉर्बेटइतकाच जॉर्ज शॅलरही आपल्याकडे वाचला जायला हवा होता, आणि तसं झालं नाही.

शॅलर १९६३ साली कान्ह्याला आले तेव्हा तिशीत होते. बायको आणि दोन लहान मुलं बरोबर. त्याआधी आफ्रिकेत डोंगरी गोरिलांमध्ये राहून, गोरिला म्हणजे छाती बडवणारा राक्षस ही समजूत त्यांनी मोडून काढली होती. कान्ह्यात ते १९६५ पर्यंत राहिले आणि १९६७ मध्ये त्यांचं ‘द डियर अँड द टायगर’ आलं. खरं सांगायचं तर तो संशोधनग्रंथच आहे, तक्ते आणि आलेखांनी भरलेला. तरीही साध्या वाचकांनी तो उचलून धरला, कारण वाघाबद्दल तोवर जे लिहिलं जात होतं ते बंदुकीच्या नळीमागून लिहिलेलं होतं. शिकाऱ्याला वाघ भेटतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. त्याआधीची सगळी वर्षं तो काय करत होता, हे शिकाऱ्याला सांगता येत नाही.

शॅलरनी जे केलं ते ऐकायला फारसं रोमांचक नाही. ते वाघाची विष्ठा गोळा करत. ती धुऊन, गाळून, आत सापडलेले केस आणि हाडांचे तुकडे तपासत. चितळाचा केस वेगळा, सांबराचा वेगळा, गुराचा वेगळा. अशा शेकडो नमुन्यांतून त्यांनी हिशेब मांडला, की कान्ह्याच्या वाघाचं मुख्य अन्न चितळ. चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून त्यांनी एकेक वाघ ओळखायला सुरुवात केली आणि मग लक्षात आलं, की एकलकोंडा समजला जाणारा हा प्राणी एखाद्या शिकारीवर दुसऱ्या वाघाला वाटेकरी करून घेतो. शिकार दरवेळी साधते हीसुद्धा आपली समजूत. वीसेक प्रयत्नांत एखादा यशस्वी होत असावा, असा त्यांचा अंदाज होता. हे वाचलेला माणूस ताडोब्याच्या तळ्याकाठी चितळांच्या कळपाकडे सरकणारी वाघीण पाहतो तेव्हा श्वास रोखून बसत नाही. ही बहुतेक उपाशी परतणार, हे त्याला ठाऊक असतं.

मोहर्लीच्या गाईडांकडेही असं काही असतं. चितळाच्या कॉलवर गाडी वळवायची की नाही याचा ते विचार करतात. सांबरानं कॉल दिला की लगेच वळवतात. चितळ रानकुत्र्यांना बघूनही ओरडतं, बिबट्याला बघूनही ओरडतं, आणि कधी उगाचही. सांबर सहसा फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेला अंदाज आहे. शॅलरसारखा माणूस त्यात एकच भर घालेल. एक वही घेईल आणि प्रत्येक कॉलनंतर खरंच वाघ निघाला का, एवढंच लिहीत जाईल. निघाला तेही, नाही निघाला तेही. माणूस न निघालेले विसरतो, वही विसरत नाही.

वाघ मोजायचे कसे, याची गोष्ट तर त्याहून मजेदार. आपल्याकडे १९६० च्या दशकापासून पगमार्कची पद्धत होती. पाऊलखुणेवर काच धरायची, ठसा उतरवून घ्यायचा, प्लास्टर ओतून साचा काढायचा आणि साच्यांवरून वाघ मोजायचे. अनुभवी वनरक्षकाला ठशावरून नर-मादी सांगता येते, यात वाद नाही. पण ओल्या मातीतला ठसा पसरतो, धुळीतला वेगळा उमटतो, आणि एकाच वाघाचे दोन ठसे दोन वाघांचे म्हणून लागू शकतात. ही गोष्ट हट्टानं मांडत राहिले उल्हास कारंत. शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर, मग काही काळ शेती, मग वाघ. कन्नड साहित्यातलं मोठं नाव शिवराम कारंत हे त्यांचे वडील, आणि त्यांनीही मुलांसाठी विज्ञानावर भरपूर लिहिलेलं. मुलाच्या ‘द वे ऑफ द टायगर’ या २००१ च्या पुस्तकात वाघाचं विज्ञान सोप्या भाषेत येतं.

ठशांऐवजी वाघाचे आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेरा ट्रॅपच्या गणिताचं मर्म एवढंच. समजा पहिल्या फेरीत वीस वेगवेगळे वाघ टिपले गेले. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, म्हणून ओळख पक्की. दुसऱ्या फेरीत पुन्हा वीस टिपले, त्यांतले सोळा आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या दर पाचांपैकी चार पहिल्या फेरीत आलेले होते. तर मग जंगलातल्या एकूण वाघांपैकीही पाचातले चारच पहिल्या फेरीत आले असणार. वीस म्हणजे पाचातले चार, तर एकूण पंचवीस. जो एक कधी दिसलाच नाही त्याचाही हिशेब लागला! प्रत्यक्षात हे गणित बरंच गुंतागुंतीचं होतं, पण युक्ती हीच. सरिस्कातले वाघ कागदावर असताना जंगलातून संपले होते, हे २००५ मध्ये उघड झालं आणि त्यानंतर देशभर पगमार्कची गणना मागे पडली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी बघण्याचा आपल्याकडचा सोहळा सुरू आहे आणि तो जरूर अनुभवावा. फक्त सकाळी खाली उतरल्यावर त्याला गणना म्हणू नये.

कारंतांचं आणखी एक गणित मोहर्लीच्या माणसाला जास्त जवळचं वाटेल. वाघाला आठवड्याला साधारण एक मोठं जनावर लागतं, म्हणजे वर्षाला पन्नास. कळप टिकायचा तर त्यातून वर्षाला दहावा हिस्साच उचलला गेला पाहिजे. म्हणून एका वाघामागे चितळ-सांबरासारखी पाचशे जनावरं हवीत. २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा ठिकाणी भक्ष्य आणि वाघ यांची घनता ताडून पाहिली, त्यांत ताडोबाही होतं. या हिशेबावरून कळतं, की सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या कोअरमध्ये वाघ हवे तितके वाढवता येत नाहीत. वयात आलेला वाघ जागा शोधत बफरमध्ये उतरतो, तिथून ब्रह्मपुरीकडे जातो. तिथे गुरं असतात, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली माणसं असतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला वाकलेली असतात. माणसं मरतात. पाचशेचा आकडा गेलेलं माणूस परत आणत नाही. पण वाघ ‘सोडले’ अशी आवई उठते, तेव्हा तो माहीत असलेला बरा.

ताडोब्यात गाजलेली माया वाघीण सरकारी कागदावर टी-१२ होती. नावं द्यावीत की नंबर, हा वाद जेन गुडाल यांनी १९६० मध्ये गोम्बेला चिंपांझींची नावं ठेवली तेव्हापासूनचा. त्यांच्या पहिल्या शोधनिबंधात संपादकानं ‘तो’, ‘ती’ खोडून ‘ते’ केलं होतं, आणि त्यांनी ते पुन्हा बदललं. गाईडांनी त्या वादात न पडता आपला निकाल केव्हाच दिला आहे.

जिप्सीत कॅमेऱ्यांच्या लांबलचक लेन्स असतात, पण सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ मांडीवर घेतलेला एखादाच. १९४१ मधलं हे पुस्तक माझ्या लेखी या प्रकारातलं सगळ्यात हुशार पुस्तक आहे, आणि त्याची हुशारी एका बारक्या गोष्टीत आहे. पक्षी किती मोठा हे सांगताना सेंटिमीटरवर न थांबता ते विचारतात: चिमणीपेक्षा मोठा की लहान? बुलबुलाएवढा? साळुंकीपेक्षा थोडा जास्त? कावळा, घार, गिधाड? पुढे नुसती अधिक-उणेची खूण. ज्याला चिमणी, बुलबुल, साळुंकी आणि कावळा ओळखता येतात, त्याच्या हातात त्यांनी मोजपट्टी दिली. इरई धरणाच्या कडेला उभं राहून लांबचा पक्षी बघताना सेंटिमीटर कुणाला दिसतात?

जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन लेखकांना हेच सांगत: वाचकाला आधीच माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरू करा. त्यांचा योग्य आकाराविषयीचा १९२६ चा निबंध चंद्रपूरच्या वाचकाला तर दुप्पट भावेल, कारण त्यात खाणीचा प्रसंग आहे. हजार यार्ड खोल खाणीत उंदीर टाकला तर खाली पडून थोडा हबकतो आणि चालू लागतो, असं ते सांगतात. घूस मरते, माणूस मोडतो आणि घोड्याचं काय होतं ते त्यांनी जसं लिहिलंय तसं इथे लिहिण्याची माझी छाती नाही. चंद्रपूरहून मोहर्लीला येताना दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणींचे ढिगारे लागतात, तिथे हे वाचावं. कारण साधं आहे. प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट झाला तर वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद फक्त चौपट. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. म्हणून चितळाला मोठं करत नेऊन गवा होत नाही. चितळाच्या काटकुळ्या तंगड्यांवर गव्याचं हजार किलोच्या घरातलं धूड उभंच राहणार नाही. गव्याचे पाय खांबासारखे आहेत ते शोभेसाठी नाहीत.

हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिकही झाले. त्याच संस्थेचे भूवैज्ञानिक तेव्हा प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात खोदत होते. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाचं नाव ज्या खडकथराला मिळालं, त्याच थरात नदीपलीकडे एका अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरची हाडं १९६१ च्या सुमारास निघाली. मांडीचं हाड जवळजवळ माणसाच्या उंचीचं. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय आणि टागोरांची जन्मशताब्दी, यांतून ‘बारापासॉरस टागोराय’ हे नाव पडलं. तो निबंध लिहिणारे हाल्डेन आणि हे हाड शोधणारे एकाच संस्थेच्या छताखाली होते, ही मला तरी फार आवडलेली गोष्ट.

मराठीत साध्या वाचकासाठी विज्ञान लिहिण्याचं काम खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी मनापासून केलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या खोट्या नावानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेऊन कथा पाठवली आणि ती पहिली आली, हा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे. पण आकाश कुठूनही दिसतं. जंगलातल्या जिल्ह्यांचं विज्ञान जिल्ह्यातच लिहावं लागतं, आणि ते लिहिलं गेलं शेजारच्या गडचिरोलीत.

डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या; ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. जगानं दखल घेतली तो हा निबंध. मला त्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं ‘गोईण’. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीच्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं, त्यांचे उपयोग, समजुती, आठवणी, असं सगळं त्या बायकांच्याच तोंडून ऐकून लिहिलेलं. त्यांचे पती डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ त्या मानानं घराघरांत पोचलं, कारण हृदयविकार सगळ्यांच्या ओळखीचा. शॅलर किंवा हाल्डेनच्या पुस्तकात एक जाणता माणूस आपल्याला सांगत असतो आणि आपण ऐकत असतो. ‘गोईण’मध्ये डॉक्टरबाई ऐकणाऱ्या आहेत.

तसं ऐकून घेणारं कुणी मोहर्लीत येऊन बसायला हवं. कोणता पाणवठा कोणत्या पंधरवड्यात आटतो, मोहाचा बहर लवकर आला की अस्वलं कुठल्या बाजूला सरकतात, सांबराचा कॉल खोटा ठरलेला कुणी पाहिला आहे का: हे इथल्या गाईडांना, त्यांतल्या बायका-मुलींनाही, तोंडपाठ आहे. तीन महिने पावसाळ्यात कोअर बंद असतो. तेव्हा वेळही असतो.