‘नाइट’, ‘लाइट’ आणि न बोलणारी दोन अक्षरे

इयत्ता तिसरीतील मुलास ‘नाइट’ हा इंग्रजी शब्द लिहावयास सांगितला, की तो पुष्कळदा ‘एन-ए-आय-टी’ असे लिहितो. शिक्षक त्यावर तांबडी फुली मारतात आणि ‘एन-आय-जी-एच-टी’ असे दहा वेळा लिहून आणण्यास सांगतात. मूल तसे लिहूनही आणते. आठ दिवसांनी पुन्हा विचारावे, तर ‘जी’ आणि ‘एच’ यांची अदलाबदल झालेली असते, नाहीतर त्यांपैकी एक नाहीसे झालेले असते. येथे मुलाच्या बुद्धीस दोष देणे न्यायाचे नाही. त्याने जे ऐकले तेच लिहिले. मराठी लेखनाची जी शिस्त शाळेने त्यास पहिलीपासून लावली, तीच त्याने इंग्रजीत पाळली. दहा वेळा लिहिण्याच्या शिक्षेने मात्र तो एवढेच शिकतो की, इंग्रजी ही समजून घेण्याची गोष्ट नसून भिण्याची आहे.

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. परंतु घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावचे मूल शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच कित्येक इंग्रजी शब्द कानांत साठवून आलेले असते. कृषिपंपाची लाइट रात्री येणार म्हणून वडील शेतावर गेलेले असतात. सायकलची चेन टाइट करून हवी असते. थोरल्या भावाची नाइट ड्यूटी असते. सिनेमातील फाइट तर सर्वांनीच पाहिलेली असते. हे चारही शब्द इंग्रजीत पाच अक्षरांचे असून त्यांचा शेवट ‘आय-जी-एच-टी’ या चार अक्षरांनी होतो. यांच्याच घरातले आणखी तीन म्हणजे ‘राइट’ (बरोबर किंवा उजवा), ‘माइट’ (बळ) आणि ‘साइट’ (दृष्टी). नित्याच्या वापरातील हे सात शब्द. पहिले अक्षर तेवढे बदलावयाचे, शेपूट तेच. सात शब्दांची सात पाठांतरे करविण्यापेक्षा एक शेपूट आणि सात मुखे शिकविणे किती सोपे, हे फळ्यावर एकदा लिहून पाहिले म्हणजे पटते.

तरीही मूल विचारतेच : बोलावयाचे नाही तर लिहावयाचे कशाला? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, शहाणपणाचा आहे. त्याचे उत्तर शिक्षकाजवळ असले पाहिजे.

पूर्वी ही अक्षरे बोलली जात होती. जुन्या इंग्रजीत रात्रीस ‘निख्ट’ यासारखा शब्द होता. त्यातील ‘ख’ घशातून घासून निघे. इ. स. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचे राज्य आले आणि त्या वळणाचे लेखनिक कालांतराने हा ध्वनी ‘जी-एच’ या जोडीने दाखवू लागले. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. छपाईबरोबर शब्दांची रूपे हळूहळू ठरीव झाली. बहुतेक इंग्लंडातून तो घशाचा ध्वनी मात्र पुढे लोपला. उच्चार गेला, छापलेले अक्षर उरले. जर्मन भाषेत आजही रात्रीस ‘नाख्ट’ म्हणतात. आपल्याकडील ‘नक्त’ व्रत, म्हणजे दिवसा उपवास करून रात्री जेवावयाचे व्रत, अनेक घरांत ठाऊक आहे. ते ‘नक्त’ आणि हे ‘नाइट’ मुळात एकाच गोत्राचे शब्द होत.

ध्वनी गेला, पण जाताना तो आपले काम मागे ठेवून गेला. याचा दाखला मराठीतच आहे. ‘सप्त’ या शब्दातील ‘प’ गेला तेव्हा आधीचा ‘स’ लांबून ‘सात’ झाला. ‘हस्त’चा ‘हात’, ‘अष्ट’चा ‘आठ’ झाला. इंग्रजीतही घशाचा ‘ख’ गेला तेव्हा आधीची ऱ्हस्व ‘इ’ लांबली आणि पुढे तिचा ‘आइ’ झाला. म्हणून ‘जी-एच’ नसेल तेथे ‘फिट’, असेल तेथे ‘फाइट’. नसेल तेथे ‘सिट’, असेल तेथे ‘साइट’. तसेच ‘लिट’ आणि ‘लाइट’. या जोड्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. मुकी अक्षरे शेजारच्या स्वराला बोलावयास लावतात, हे त्यांना ऐकून कळेल.

न बोलले जाणारे चिन्ह लिहिणे मराठीलाही परके नव्हते. ‘पांच’, ‘दांत’, ‘नांव’ असे अनुस्वार देऊन लिहिण्याची रीत होती. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, तेव्हा हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्यात आले. मराठीने आपल्या मुलांवरील एक ओझे उतरविले. इंग्रजीने ते ठेवले. १९४८ पूर्वी मराठवाड्यात ज्या पिढीने उर्दूतून शिक्षण घेतले, तिला तर एकाच ‘स’साठी से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरे लक्षात ठेवावी लागत. अरबीत त्यांचे उच्चार निराळे, उर्दूत एकच. त्या आजोबांच्या नातवास ‘जी-एच’ जड जाण्याचे कारण नाही.

शिकविताना चार रेघी वहीचा उपयोग करावा. ‘आय’चे अंग मधल्या घरात, ‘जी’ची शेपटी खालच्या घरात, ‘एच’ची काठी वरच्या घरात आणि ‘टी’ पुन्हा वर. चार अक्षरांत वहीची तिन्ही घरे भरतात. एकदा खाली, मग वर, हे हाताला ठाऊक झाले म्हणजे ‘जी’ आणि ‘एच’ची अदलाबदल सहसा होत नाही.

दोन ठिकाणी जपावे. ‘व्हाइट’ आणि ‘काइट’ यांचा शेवट कानाला सारखाच लागतो, परंतु त्यांचे घर ‘आय-टी-ई’चे आहे, कान या दोन घरांत भेद करू शकत नाही, तेथे डोळ्यांचीच साक्ष घ्यावी लागते. बांधकामाच्या ‘साइट’वर जाणाऱ्या मजुराच्या मुलास हा घोटाळा हमखास होतो, कारण ती ‘साइट’ याच दुसऱ्या घरची. दुसरी जपण्याची जागा म्हणजे पाच अक्षरांचाच आठवा शब्द. तो ‘ई’ने सुरू होतो, त्याच शेपटाने संपतो, उच्चार मात्र ‘एट’, आणि अर्थही आठच. सात भावंडे नीट जमल्यावाचून त्यास वर्गात आणू नये.

तो जमल्यावर सहा अक्षरांचे दोन शब्द आपोआप हाती येतात. आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलांची उंची व वजन नोंदविले जाते. त्याच दिवशी ‘हाइट’ आणि ‘वेट’ हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. पहिले अक्षर सोडून पुढची पाचही अक्षरे दोहोंत तीच. तरी एक ‘लाइट’सारखा वाजतो आणि दुसरा ‘एट’सारखा. कोणता कसा, हे मुलांनाच सांगू द्यावे.