गाडी चालू होईना? आधी कान द्या

आज बोलूया गाडीच्या सेल्फबद्दल, म्हणजे स्टार्टरबद्दल.

आपल्या रेवदंड्यात बऱ्याच घरी, काही गटांकडेही जुनी ओम्नी नाहीतर मारुती आठशे असते. पहाटेची मासळी, वाडीतले नारळ, वेळप्रसंगी पेशंट, सगळं तीच अलिबागला पोचवते. आठशे 2014 मध्ये आणि ओम्नी 2019 मध्ये बनायची बंद झाली. म्हणजे आता रस्त्यावर दिसते ती प्रत्येक जुनीच. ती सकाळी रुसली की कुणीतरी म्हणतं, "सेल्फ गेला." पण पुष्कळदा सेल्फ धडधाकट असतो. दोष असतो बॅटरीत, नाहीतर तिच्या टर्मिनलवर. खर्च करण्याआधी एवढं बघून घ्या.

चावी फिरवली की थोडी वीज सोलेनॉइडकडे जाते. तो सेल्फचं छोटं चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवतो आणि मोठा प्रवाह सोडतो. मग सेल्फ इंजिन फिरवतो. त्या क्षणी शंभरावर अँपिअर वीज लागते. म्हणून हेडलाइट लागला तरी सेल्फ फिरेलच असं नाही. दिव्याला घोटभर पाणी पुरतं, सेल्फला अख्खी कळशी लागते.

आता गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा. एकीने चावी फिरवायची, दुसरीने बाजूला उभं राहून दिवे बघायचे आणि आवाज ऐकायचा.

टकटकटक असा भराभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे.

एकच "टक्" आला, दिवे तेजच राहिले, तर सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजले असतील.

काहीच आवाज नाही, दिवे मात्र तेज, तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची वायर, फ्यूज तपासायला हवा.

नुसतं घर्रर्र होतं, इंजिन फिरत नाही, तर सेल्फचं छोटं चाक अडकत नाही.

आणि इंजिन झपझप फिरतंय पण पेटत नाही? मग सेल्फचा दोष नाहीच. पेट्रोल किंवा प्लग बघा.

आपल्याकडे खारा वारा आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते, आणि बॉडीला जोडलेली अर्थची वायरही गंजते. वीज तिथेच अडते. साफ करताना इंजिन बंद ठेवा. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढा, मंगळसूत्र पदराआड घ्या. धातू दोन टोकांना लागला तर भाजतं. आधी उणे टोक सोडा, मग अधिक. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, आधी अधिक जोडा, शेवटी उणे. घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. आसपास विडी-काडी नको, बॅटरीतून पेटणारा वायू निघतो.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळजवळ अर्धी. गाडी चालू असताना 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. तेवढे नसतील तर बॅटरी चार्जच होत नाहीये. नवी आणली तरी तीही उतरेल.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त चावी धरू नका, सेल्फ तापतो. मध्ये मिनिटभर थांबा.

एवढं करूनही गाडी ऐकली नाही, तर गॅरेजला जा. पण "गाडी बंद पडली" एवढंच सांगू नका. "एक टक् येतो, दिवे तेज राहतात, टर्मिनल साफ केलेत," असं सांगा. काम लवकर होईल, नको तो पार्ट बदलला जाणार नाही. गटाची गाडी असेल तर हे पाच आवाज कागदावर लिहून गाडीतच ठेवा, म्हणजे जी चालवेल तिला उपयोगी पडतील.