ऑनलाइन रिवॉर्ड साइट्स : जोडकमाई की फसवणूक?

'घरबसल्या सर्व्हे भरा, पैसे कमवा' अशा जाहिराती आपण रोज पाहतो. हे सगळंच खोटं असतं का? नाही. कंपन्यांना ग्राहकांचं मत हवं असतं. त्यासाठी त्या पैसे मोजतात आणि त्यातला छोटासा वाटा सर्व्हे भरणाऱ्याला मिळतो. 'गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स' हे त्याचंच उदाहरण. पण अँड्रॉइड फोनवर ती रक्कम गूगल प्लेमध्येच वापरता येते. किराणा त्यातून येत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : हॉटेलला पाच स्टार द्या, पैसे घ्या. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरंच जमा होतात. विश्वास बसला की 'प्रीपेड टास्क'साठी आधी पैसे भरायला लावतात. स्क्रीनवर नफा वाढताना दिसतो, पण काढायला गेलं की 'टॅक्स' मागतात. तो भरला तरी हातात काहीच येत नाही.

शिवाय जे हॉटेल पाहिलंच नाही, त्याची तारीफ करणं ही खोटी साक्षच झाली. अशी कमाई हलाल कशी म्हणायची?

आमचं सांगणं सोपं आहे : काम देणारा पैसे देतो, मागत नाही. कमिशनच्या लोभाने आपलं बँक खातंही कुणाला वापरायला देऊ नका. पोलीस आधी खातेदाराकडेच येतात. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते खात्यातच रोखता येऊ शकतात.