शांत किनारा निवडताना

अंतर : वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या बजाजनगरहून मुंबई सुमारे ३५० किलोमीटर. कोकणातली गावं त्याहून लांब. त्यामुळे जोडसुट्टीचे दोन दिवस बहुतांशी प्रवासातच जातात.

दोन मुरूड : एक रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याजवळ. दुसरं रत्नागिरीच्या दापोली तालुक्यात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. बुकिंगआधी तालुका तपासावा.

चार गावं
- श्रीवर्धन (रायगड) : पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव. हरिहरेश्वर जवळच.
- वेळास (रत्नागिरी) : नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात जातात. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी.
- गुहागर (रत्नागिरी) : लांब, सरळ पुळण, व्याडेश्वराचं मंदिर. रेल्वे स्थानक चिपळूण.
- वेंगुर्ला (सिंधुदुर्ग) : सतराव्या शतकातली डच वखार. स्थानक कुडाळ किंवा सावंतवाडी रोड.

खाडी ओलांडताना : वेसवी–बागमांडला आणि दाभोळ–धोपावे इथे गाडीसह नेणारी फेरीबोट आहे. रस्त्याचा मोठा वळसा वाचतो.

हंगाम : ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा सुखद. दिवाळी, नाताळ आणि लागून आलेल्या सुट्ट्यांत गर्दी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ताजी मासळी कमी.

भरती-ओहोटी : दिवसातून साधारण दोनदा. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती.