वसतिगृहाला कुलूप लागतं तेव्हा

डिसेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॉलेजांच्या परीक्षा संपत येतात आणि अनेक वसतिगृहांच्या दारावर सूचना लागते : अमुक तारखेच्या दुपारपर्यंत खोली रिकामी करा, खिडक्या लावून घ्या, फ्रिजचा प्लग काढा, कचरा बाहेर नेऊन टाका. जानेवारीत सत्र सुरू होईपर्यंत इमारत बंद. जेवणाचा हॉल बंद, लायब्ररी बंद, कॅम्पसची बससुद्धा बंद. अमेरिकन मुलांना ही सूचना वाचून आनंदच होतो, कारण त्यांची बॅग भरून तयार असते. पण नांदेडहून किंवा नैरोबीहून आलेल्या मुलीने कुठे जायचं? विमानाचं भाडं वर्षात सगळ्यात महाग असतं ते याच दिवसांत, आणि फी भरून झाल्यावर हाताशी फारसं काही उरलेलं नसतं.

त्यात नाताळचा दिवस. आपल्याकडे सण म्हटला की रस्ते ओसंडून वाहतात, त्यामुळे सणाच्या दिवशी गाव ओस पडतं ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. ब्रिटनमध्ये तर २५ डिसेंबरला रेल्वे धावत नाही, लंडनची ट्यूबही बंद असते. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळा उत्सव घराच्या आत, पडद्यांच्या पलीकडे चाललेला. ज्याला आत घर नाही, त्याच्यासाठी सण कुठेच नसतो.

या अडचणीवर जे उत्तर निघालं, त्याचं मला फार नवल वाटत आलं आहे. वर्षातला जो दिवस माणसं केवळ आपल्या माणसांसाठी राखून ठेवतात, नेमका तोच दिवस त्यांनी परक्यासाठी उघडा केला. गावातल्या चर्चमधली साधी कुटुंबं, म्हणजे शाळेतली शिक्षिका, निवृत्त पोस्टमन, शेतकरी, दातांचा डॉक्टर अशी माणसं, ज्याचं नावही धड उच्चारता येत नाही अशा मुलाला आठ-पंधरा दिवस घरी ठेवून घेतात. राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत.

याची मुळं शोधू लागलं की १९०९ सालच्या न्यूयॉर्कपर्यंत जावं लागतं. हॅरी एडमंड्स नावाचा वायएमसीएचा तरुण कार्यकर्ता कोलंबिया विद्यापीठाच्या लो लायब्ररीच्या पायऱ्या उतरत होता. समोरून एक चिनी विद्यार्थी आला. एडमंड्स सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला आणि पुढे गेला. तो मुलगा थांबला आणि त्याने आभार मानले. न्यूयॉर्कला येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि तोवर त्याच्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच माणूस होतं. एडमंड्सने घरी जाऊन ही गोष्ट बायकोला सांगितली. आपल्याला यात काही करता येईल का, असं तिने विचारलं आणि मग दर रविवारी संध्याकाळी परदेशी मुलं जेवायला येऊ लागली. त्या जेवणांतून पुढे धाकट्या जॉन रॉकफेलरच्या पैशाने १९२४ साली रिव्हरसाइड ड्राइव्हवर ‘इंटरनॅशनल हाउस’ उभं राहिलं. रविवारच्या जेवणाची परंपरा तिथे पुढेही जपली गेली. त्या काळात अमेरिकन विद्यापीठांतून परदेशी विद्यार्थ्यांसाठी कॉस्मोपॉलिटन क्लबही निघत होते. पहिला १९०३ साली विस्कॉन्सिनला निघाला. १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झालेले डॉ. आंबेडकर सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले होते.

पण आपल्याला इतकं पुढे यायचीही गरज नाही. एडमंड्सच्या त्या सकाळच्या पाव शतक आधी एक मराठी मुलगी अशाच एका घरी जाऊन राहिली होती, आणि तिच्या गोष्टीत या सगळ्या व्यवहारातला अवघड प्रश्नही पहिल्यापासून हजर आहे.

गोपाळराव जोशी कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते. पत्नी आनंदीबाईने शिकावं हा त्यांचा ध्यास. तिथल्या अमेरिकन मिशनच्या ओळखीतून त्यांनी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं. वाइल्डर अनेक वर्षं कोल्हापुरात मिशनरी होते आणि मायदेशी परतल्यावर प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं मासिक चालवत होते. त्यांनी ते पत्र छापलं आणि खाली स्वतःचं उत्तरही छापलं. उत्तराचा रोख असा की, आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू. हा अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांनी तो चाळला, असं आनंदीबाईंच्या चरित्रांत येतं. त्यांनीही तेच पत्र वाचलं आणि तेच उत्तर वाचलं. पण घरी जाऊन त्यांनी थेट कोल्हापूरच्या मुलीला लिहिलं. अट नाही, उपदेश नाही. काही वर्षं पत्रं येत-जात राहिली आणि जून १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई पतीविना न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा या बाई तिला घ्यायला आल्या होत्या. फिलाडेल्फियाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला अजून अवकाश होता. तो उन्हाळा आनंदीबाई रोझेलला कार्पेंटर कुटुंबात राहिली. कार्पेंटरबाई तिच्या ‘मावशी’ झाल्या. ती शाकाहारीच राहिली, हिंदूच राहिली आणि ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाली.

पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ला, ती पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या गेल्या. तिथे तिच्या नावाचा दगड आजही आहे. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला घराच्या दफनभूमीत जागा देणारी माणसं किती मोठी असतील, याचा विचार करताना मी दर वेळी थांबतो.

कार्पेंटरबाईंनी जे मनाच्या ओढीने केलं, त्याची पुढे रीतसर व्यवस्था झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत असे सुमारे ८२ हजार विद्यार्थी होते. त्याच सुमारास, १९६५ साली, प्रेस्बिटेरियन पंथाच्या पुढाकाराने ‘ख्रिसमस इंटरनॅशनल हाउस’ सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९८७ साली परराष्ट्र खातं, ब्रिटिश कौन्सिल आणि व्हिक्टोरिया लीग यांनी मिळून ‘होस्ट’ ही संस्था काढली. ती चर्चची नव्हे, पण काम तेच : विद्यार्थ्याला एक दिवस, शनिवार-रविवार किंवा नाताळ एखाद्या कुटुंबात घालवता यावा.

पद्धत अगदी साधी असते. विद्यार्थी शरद ऋतूतच अर्ज भरतो. कुठल्या भागात जायला आवडेल, काय खात नाही, कुत्र्यामांजरांची भीती किंवा ॲलर्जी आहे का, हे त्यात लिहायचं. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. यजमान गावात चर्चची एक छोटी समिती असते. कोणाकडे एक खोली रिकामी आहे, कोणाकडे दोन खाटा, बसस्टँडवर गाडी घेऊन कोण जाईल, याची यादी तीच करते.

चर्चच का? अमेरिकेतल्या लहान गावात दर आठवड्याला एकमेकांना भेटणारी, एकमेकांचे फोन नंबर ठाऊक असलेली, मोठं स्वयंपाकघर आणि हॉल हाताशी असलेली दुसरी संस्था सहसा नसते. रविवारची उपासना संपली की मंडळी हॉलमध्ये कॉफीला जमतात. कप हातात घेऊन कोणी विचारतं, यंदा तुमच्याकडे कोणी येऊ शकेल का, आणि समोरची नवऱ्याकडे बघून मान हलवते. इतक्या अनौपचारिक होकारावर एका मुलाचा पंधरवडा ठरतो. ही होय म्हणायची सवय धर्मग्रंथातूनही आलेली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात, अनोळखी माणसाला घरात घेणं म्हणजे साक्षात येशूलाच घेणं, असा भाव आहे आणि श्रद्धाळू माणूस तो अक्षरशः घेतो.

आपल्याकडे याला जवळची एकच रीत आठवते, वार लावून जेवण्याची. पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचा आणि कित्येक मोठी माणसं त्या सात घरांवर शिकली. मात्र आपला वार बहुधा जातीच्या कुंपणातच फिरायचा. इथे कुंपण ओलांडूनच पाहुणा येतो, आणि यजमानाला ते ठाऊक असतं.

आत शिरल्यावर काय घडतं? नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरचे चर्चला निघतात. पाहुण्याला यायचंच असं नसतं, पण बहुतेक मुलं कुतूहलाने जातात. दारातच प्रत्येकाच्या हाती एक बारीक मेणबत्ती मिळते, तिला खाली पुठ्ठ्याची चकती, मेण हातावर गळू नये म्हणून. शेवटच्या गाण्याला दिवे मालवतात आणि पुढच्या बाकावरून ज्योत मागे-मागे येत जाते. शेजारच्या आजीबाई पाहुण्याच्या कानात नियम सांगतात : पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिच्याकडे झुकवायची. उलट केलं तर मेण सांडतं. एवढीच सूचना, बाकी कोणी काही शिकवत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल. इथे आपल्या मुलांची खरी तारांबळ. मुख्य पदार्थ हॅम किंवा टर्की, ते सोडून द्यायचं हे शाकाहाऱ्याला कळतं. पण बटाट्याच्या लगद्यावरची ग्रेव्ही मांसाच्या रसात केलेली असते, रताळ्यांवरच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, पायच्या पारीत कधी चरबी असते. यजमानीणबाईंना हे कुठे ठाऊक असतं? त्यांच्या लेखी भाजी म्हणजे शाकाहार. पण एकदा कळलं की त्या डबे फिरवून बारीक अक्षरं वाचू लागतात, पाहुण्यासाठी वेगळ्या भांड्यात बटाटे काढतात. मग एका संध्याकाळी पाहुणा ओटा ताब्यात घेतो. मोहरी तडतडते, मिरची तेलात पडते आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळू लागतो. घरातले सगळे ठसकत खिडक्या उघडायला धावतात आणि कुत्रा टेबलाखाली जातो. परकेपणा यानंतर फारसा उरत नाही.

आता तो अवघड प्रश्न. वाइल्डरसाहेबांचा आणि कार्पेंटरबाईंचा, दोन्ही प्रवाह आजही चालू आहेत. १९५३ साली बॉब फिनली यांनी स्थापलेली ‘इंटरनॅशनल स्टुडंट्स’सारखी संघटना परदेशी विद्यार्थ्यांशी मैत्री करते ती ख्रिस्ती संदेश पोचवण्याच्या हेतूने, आणि हा हेतू ती लपवत नाही. दुसरीकडे असेही उपक्रम आहेत ज्यांत पाहुणचार हाच उद्देश असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात : हसरी माणसं, गरम जेवण, विमानतळावर घ्यायला आलेली गाडी. म्हणून मुलाने अर्ज करण्याआधी सरळ विचारावं की इथे धर्माची चर्चा अपेक्षित आहे का. असं विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि प्रामाणिक यजमान नेमकं उत्तर देतो. मनापासून श्रद्धा असलेल्या माणसाने आपल्या श्रद्धेबद्दल बोलू नये, असं माझं म्हणणं नाही. पण घर नसलेल्या मुलाला उशी आणि जेवण देताना त्याची किंमत श्रद्धेत वसूल करू नये, हे कार्पेंटरबाईंना १४० वर्षांपूर्वी कळलं होतं.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा ११ लाखांवर गेला. त्यांत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय होते आणि दीड दशकानंतर भारत पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला. यांतले बरेचसे पदव्युत्तर, भाड्याच्या घरात चौघे-चौघे राहणारे; त्यांना वसतिगृहाच्या कुलपाची झळ लागत नाही. चार मित्र मिळून खिचडी टाकतात आणि सुट्टी मजेत जाते. म्हणूनच आपल्या मुलांना या घरांची वाट सहसा ठाऊक नसते. दोन वर्षं त्या देशात काढून एकाही स्थानिक घराचं स्वयंपाकघर न पाहता परतणारी मुलं पुष्कळ आहेत. शिक्षणातला हा तोटा कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

ज्यांची मुलं यंदा जाणार आहेत त्यांनी त्यांना एवढं सांगावं : विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच चौकशी कर, डिसेंबरची वाट पाहू नकोस. अर्जात नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नकोस. अंडं चालतं का, मासे चालतात का, जिलेटिन चालतं का, हे वेगवेगळं लिही. आणि बॅगेत थोडी मोहरी, हिंग, हळद असू दे. तिथल्या गावात दुकान बंद असेल.