एका डॉलरचा दावा

सरकारी महाविद्यालयाने विद्यार्थ्याचे तोंड बंद केले, तर त्याने दाद मागावी कोठे आणि पदरात पाडून घ्यावे काय? अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जॉर्जिया राज्यातील ग्विनेट महाविद्यालयाच्या आवारात २०१६ साली एक विद्यार्थी आपल्या धर्माविषयी सहाध्यायांशी बोलत होता, पत्रके वाटत होता. अधिकाऱ्यांनी त्याला अडविले. भाषणासाठी नेमलेल्या जागा दोनच, त्याही परवानगीने! त्याने रीतसर परवानगी काढली. तरीही तक्रारी आल्या म्हणून त्याला पुन्हा गप्प बसविण्यात आले.

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती शासनसंस्थांना बांधते, खासगी विद्यापीठांना नव्हे. सरकारी अधिकाऱ्याने घटनादत्त हक्क हिरावल्यास १८७१ च्या कायद्यान्वये संघीय न्यायालयात दावा लावता येतो. कू क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांना पायबंद घालण्यासाठी झालेला हा कायदा आज विद्यार्थ्यांच्या कामी येतो. न्यायालय जाचक नियमाला मनाई करू शकते. नुकसानभरपाई मात्र राज्याच्या तिजोरीतून मागता येत नाही. ती अधिकाऱ्याकडून व्यक्तिशः मागावी लागते. त्यातही, तो हक्क त्या वेळी निर्विवादपणे प्रस्थापित नव्हता असे ठरले, तर अधिकारी सुटतो. ही पळवाट लहान नाही.

येथे महाविद्यालयाने निराळीच युक्ती केली. प्रथम त्या विद्यार्थ्याचे बोलणे चिथावणीखोर ठरविण्याचा प्रयत्न झाला. मग नियमच बदलण्यात आला. नियम गेला, तेव्हा वादही संपला, असे खालच्या न्यायालयांनी मानले. ८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हे मत फिरविले. हक्कभंग घडून गेलेला आहे. त्याची भरपाई एक डॉलर असली तरी दावा जिवंत राहतो, असे न्यायमूर्ती थॉमस यांनी म्हटले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स एकटेच विरोधात होते. अशाने न्यायालये नुसती सल्लागार बनतील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हे. परंतु विद्यार्थी चार वर्षांत पदवी घेऊन जातो, दावे त्याहून अधिक काळ रेंगाळतात. नियम मागे घेऊन नामानिराळे होण्याची मुभा दिली, तर कोणताही प्रशासक अखेरच्या क्षणापर्यंत मुस्कटदाबी चालू ठेवील.

राहिला खर्चाचा प्रश्न. जिंकणाऱ्याला वकिलांची फी प्रतिपक्षाकडून देवविण्याची तरतूद १९७६ साली झाली. परंतु नाममात्र भरपाईवर समाधान मानणाऱ्यास ती बहुधा मिळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितले आहे. प्रस्तुत प्रकरण २०२२ साली तडजोडीने मिटले, तेव्हा भरपाई आणि वकिलांचा खर्च मिळून आठ लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे प्रतिवादींनी मान्य केले.