पाण्याला लागलेला इस्तो

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातलं, सासर अकोल्याचं. दोन्हीकडून समुद्र लांबच! तरीही यंदा होळीनंतर मी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्रं अंथरली आणि समुद्रावरचा सूर्यास्त रंगवायला बसले. घरच्यांना वाटलं, हिला या वयात हे काय सुचलं?

कारण होतं आई. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तालुक्याच्या नावात दर्या, पण घोटभर गोड्या पाण्याची मारामार. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलाय. विहिरीला पाणी असतं, पण तोंडात घालवत नाही. नळयोजना येईपर्यंत आईनं डोक्यावर गुंड घेऊन गोडं पाणी वाहिलं. ती नेहमी म्हणायची, "एक डाव समुद्र पायचा हाय मले. आपल्या हिरीपेक्षा खारा हाय का, ते पायतो!"

दोनदा बेत ठरला. एकदा नापिकी आडवी आली, एकदा माझ्या लेकीचं बाळंतपण. मग काचबिंदूनं आईचा एक डोळा गेला, दुसरा अंधुक झाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात गुडघे. प्रवासाचं नाव निघेना. एक दिवस तीच म्हणाली, "तू पाह्यला ना व? मंग काढून दाखव!"

मी समुद्र पाहिला होता एकदाच, २००६ साली, गणपतीपुळ्याला. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून, त्यामुळे सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो. बाकी माझं चित्रकलेचं भांडवल म्हणजे शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. तेव्हा पोस्टर कलर असत. दुकानदारानं या वेळी ॲक्रिलिक हातात ठेवलं. पाण्यात कालवायचं, पण एकदा वाळलं की पाण्यानं निघत नाही, म्हणून एका थरावर दुसरा थर बिनधास्त देता येतो.

पण मैत्रिणींनो, अकोल्याचं ऊन! ताटलीतला रंग दोन फटकारे मारेस्तोवर कडक. एक चांगला ब्रश तर मी चहा ठेवायला उठले तेवढ्यात काठी होऊन बसला. मग युक्ती केली. ट्रेमध्ये ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. शेजारी इस्त्रीच्या वेळची पाण्याची फवारणीची बाटली. ब्रश कायम पाण्यात, काम झालं की लगेच साबणानं धुतलेला.

चार दिवसांनी चित्र तयार झालं. खिडकीशी नेऊन आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "धूरच दिसते व नुसता."

खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं. पण तिचं चुकलं नव्हतं. निळं आकाश ओलं असतानाच मी त्यात नारिंगी मिसळत गेले होते. हे दोन एकमेकांच्या विरुद्ध रंग, एकत्र आले की मातकट करडेपणा येतो. शिवाय ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

उत्तर मिळालं ते जेवणाच्या वेळी. स्टीलच्या ताटातला भात आईला सापडत नाही, पण काळ्या तव्यावरची भाकर लगेच दिसते. म्हणजे उजेड दाखवायचा तर त्याच्या शेजारी अंधार हवा!

दुसऱ्या कॅनव्हासवर आधी क्षितिजाची रेघ चिकटपट्टी लावून सरळ केली. समुद्र कलला की सगळं चित्र कलतं. सूर्याच्या जागी पांढरा थर दिला. तो वाळल्यावर त्यावर पिवळ्याचा पातळ हात दिला, बाहेर नारिंगी, मग गुलाबी आणि कडेला जांभळा. मध्ये गुलाबी आला की नारिंगी आणि निळ्याची गाठच पडत नाही. निसर्गातही तसंच. मावळतीचा उजेड हवेच्या लांब वाटेनं येतो, त्यातला निळा वाटेतच विखुरतो आणि लाल-केशरी आपल्यापर्यंत पोचतो.

पाण्यावर सूर्याच्या बरोबर खाली आडवे फटकारे मारले. क्षितिजाजवळ बारीक आणि दाट, जवळ येताना लांब आणि विरळ. शेवटी एका बाजूला माडाची झाडं. काळा रंग नाही वापरला, गडद निळ्यात तपकिरी मिसळली. झाडं उभी राहिली आणि सूर्य पेटल्यासारखा झाला.

या वेळी मी काही बोलले नाही, चित्र फक्त समोर धरलं. आईनं मान तिरपी केली, चांगल्या डोळ्याजवळ आणलं. बोटानं ती सोनेरी वाट वरून खालपर्यंत चाचपली.

"अव माय! पाण्याले इस्तो लागला का व?"

मला हसू की रडू कळेना. इस्तो म्हणजे विस्तव, हे तुम्हाला सांगायला नकोच. तिला दिसलं होतं!

"आन् हे एवढं पानी सारं खारंच?"

"हो आई, सारं खारं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग तिथल्या बाया गोडं पानी कुठून आनत असतीन व?"

कोकणात पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात तिथल्याही बायकांची पाण्यासाठी पायपीट होते, हे मी तिला सांगितलं नाही. चित्र तिच्या पलंगासमोर टांगलं. आता सकाळी उठली की ती आधी तिकडे बघते.